गर्भनिरोधक निवडण्याआधी हार्मोन्सची तपासणी करून घ्यावी का?

मनीषनगर_वाचक

नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहते, वय ३१. आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. तिचे वरचे अन्न सुरू झाले असले तरी अंगावरचे दूधही चालू आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी माझी पाळी परत आली. दुसरे मूल हवे आहे, पण निदान अडीच-तीन वर्षे थांबायचे, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. लग्नाआधी मला पीसीओएस (बीजकोषाच्या कामाशी संबंधित हार्मोन-असंतुलन) असल्याचे सांगितले होते. पाळी कधी चाळीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येत असे. गरोदरपणात थायरॉईडची कमतरता निघाली, त्याची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आजही रोज सकाळी उपाशीपोटी घेते. रक्तदाब कधी वाढलेला नव्हता. अधूनमधून डोके दुखते.

माझ्या नणंदेचे म्हणणे असे की एखाद्या लॅबमधून एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, एएमएच, टेस्टोस्टेरॉन असे हार्मोन्सचे पूर्ण पॅकेज आधी करून घ्यावे आणि मगच गोळीचा विचार करावा. सासूबाईंना वाटते की गोळ्यांमुळे पुढे मूल राहत नाही, त्यामुळे त्या तांबी बसवायला सांगतात. एक मैत्रीण तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर समाधानी आहे. सगळ्यांचा हेतू चांगला आहे, परंतु मला नुसते "अमुक घ्या" असे उत्तर नको आहे. कोणते साधन शरीरातल्या कोणत्या हार्मोनशी काय करते, आणि माझ्या प्रकृतीत त्याचा अर्थ काय होतो, हे समजून मला निवड करायची आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो योग्य वेळी विचारला आहे, कारण केवळ स्तनपानावर विसंबून राहण्याचा काळ तुमच्या बाबतीत संपला आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असणे, ते फक्त अंगावरच्या दुधावर असणे आणि पाळी परत आलेली नसणे, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच ती पद्धत भरवशाची असते. तुमच्याकडे यांपैकी एकही अट आता उरलेली नाही, म्हणून निर्णय होईपर्यंत निरोध न चुकता वापरावा.

आता पॅकेजविषयी. गर्भनिरोधक निवडण्यासाठी त्याची गरज नाही. एस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजावा आणि आरोग्याचा पूर्वेतिहास नीट विचारावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तातील हार्मोन्स मोजण्याची अट त्यांत नाही. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत एक मिलिलिटर रक्तात एस्ट्रॅडिऑल साधारण ५० पिकोग्रॅमच्या आसपास असते आणि स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास तेच २०० ते ४०० पर्यंत चढते. प्रोजेस्टेरॉन महिन्याच्या पूर्वार्धात नगण्य असते आणि उत्तरार्धात कित्येक पटींनी वाढते. म्हणजे एका सकाळी काढलेल्या रक्तावरून फक्त त्या सकाळची स्थिती कळते. शिवाय तुम्ही दूध पाजत आहात, त्यामुळे तुमचे प्रोलॅक्टिन वाढलेलेच दिसण्याची शक्यता आहे. ते तसेच असायला हवे, पण अहवालात तो आकडा ठळक छापून येईल आणि विनाकारण घरभर काळजी पसरेल. एएमएचवरून (बीजकोषातील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे हार्मोन) कोणते साधन मानवेल, हे मुळीच कळत नाही. तुम्ही करावी अशी एकच तपासणी मला दिसते, ती टीएसएचची, म्हणजे थायरॉईडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या हार्मोनची, आणि तीही गर्भनिरोधकासाठी नव्हे, तर बाळंतपणानंतर थायरॉईडच्या गोळीची गरज बदलते म्हणून.

हार्मोन्स समजून घेणे म्हणजे महिनाभर शरीरात काय घडते ते समजणे. मेंदूतील हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे हार्मोन ठरावीक अंतराने सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच सोडते, आणि त्यांच्यामुळे बीजकोषातील एक पुटिका (बीज असलेली छोटी पिशवी) वाढू लागते. वाढणारी पुटिका एस्ट्रोजेन तयार करते, त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. एस्ट्रोजेन पुरेसे चढले की एलएच एकदम उसळते आणि दीड दिवसाच्या आत स्त्रीबीज सुटते. रिकाम्या झालेल्या पुटिकेतून मग प्रोजेस्टेरॉन येते, ते अस्तर स्थिर ठेवते आणि गर्भाशयमुखाचा स्राव दाट करते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत हे दोन्ही हार्मोन्स उतरतात आणि पाळी येते. एरवी ही साखळी छतावरच्या टाकीतल्या फ्लोटसारखी चालते: खाली हार्मोन पुरेसे झाले की वरून येणारा प्रवाह आपोआप थांबतो.

मिश्र गोळी नेमका याच व्यवस्थेचा उपयोग करते. रोज थोडे एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन) बाहेरून मिळाल्यावर मेंदूला वाटते की पुरेसे हार्मोन आहे. एफएसएच आणि एलएच दबतात, पुटिका पिकत नाही, बीज सुटत नाही. शासनाच्या माला-एन पाकिटात इथिनिल एस्ट्रॅडिऑल हे एस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन ०.१५ मिलिग्रॅम असलेल्या २१ गोळ्या आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत येणारा रक्तस्राव ही बाहेरचे हार्मोन थांबल्यामुळे झालेली गळती असते, नैसर्गिक पाळी नव्हे. त्यामुळे एखाद्या महिन्यात तो कमी झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गोळ्या चुकल्या असतील तर मात्र गरोदरपणाची तपासणी करावी.

सासूबाईंची भीती मी माझ्या संपूर्ण नोकरीत ऐकत आले, आणि तिला आदराने उत्तर द्यायला हवे. गोळी थांबवल्यावर तो दाब निघून जातो आणि बहुतेक स्त्रियांमध्ये एक ते तीन महिन्यांत बीज पुन्हा सुटू लागते. गोळी कायमचे वंध्यत्व आणत नाही. ज्यांची पाळी मुळातच अनियमित होती त्यांची ती गोळी बंद केल्यावर पुन्हा अनियमित होते आणि दोष गोळीवर येतो. पीसीओएस असलेल्या घरांत हा समज म्हणूनच अधिक पक्का होतो. आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन होते; आजच्या गोळीत ते २० ते ३५ असते. जुन्या पिढीने गोळ्यांविषयी जे ऐकले त्यातले बरेचसे त्या मोठ्या मात्रेच्या काळातले आहे.

पीसीओएसमध्ये एरवी मिश्र गोळी उपयोगी पडते. तिच्यातील एस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी नावाचे प्रथिन जास्त तयार करते, ते मोकळे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवते आणि मुरुमे व नको असलेले केस कमी होतात. मात्र तेच एस्ट्रोजेन यकृतातून रक्त गोठवणारे घटकही वाढवते, आणि गोळीचा खरा गंभीर धोका इथे आहे. युरोपीय औषध संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे २ जणींच्या शिरांमध्ये गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर हे प्रमाण ५ ते ७ आणि ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ९ ते १२ होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका या सर्वांपेक्षा जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे मिश्र गोळी वर्ज्य मानतात आणि दूध पाजणाऱ्या मातेला साधारण सहा महिन्यांपर्यंत ती देत नाहीत. तुमचा तो काळ उलटला आहे.

तीन महिन्यांचे इंजेक्शन, म्हणजे शासकीय कार्यक्रमातले "अंतरा", यात एस्ट्रोजेन नसते, फक्त प्रोजेस्टिनचा मोठा साठा स्नायूत दिला जातो. ते परिणामकारक आहे आणि दूध पाजताना चालते. परंतु एकदा टोचले की परत काढता येत नाही, सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, काहींचे वजन वाढते, आणि ते थांबवल्यानंतर गर्भ राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. ज्यांना पुढचे मूल ठरावीक वेळी हवे आहे त्यांनी हा विलंब आधीच हिशेबात धरावा. "छाया" ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली गोळी आहे. ती स्टेरॉइड हार्मोन नाही, ती एस्ट्रोजेनच्या ग्राहींवर बसून गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास अयोग्य करते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. पीसीओएस असलेल्यांना मात्र ती देत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी तो पर्याय बाजूला ठेवावा.

राहिली तांबी. तांब्याची कॉपर-टी कोणत्याही हार्मोनला हात लावत नाही. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात. ३८०-ए प्रकारची तांबी १० वर्षे आणि ३७५ प्रकारची ५ वर्षे चालते, काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. तिने पाळीचा रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी विचार करावा. तिच्याच आकाराचे पण लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे साधनही मिळते. त्यात ५२ मिलिग्रॅम औषध असते, सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम गर्भाशयातच झिरपते, रक्तात फार थोडे जाते. अस्तर पातळ राहते आणि रक्तस्राव बराच कमी होतो. पीसीओएसमध्ये बीज न सुटल्यामुळे अस्तर प्रोजेस्टेरॉनविना वाढत राहण्याचा जो धोका असतो, त्यापासूनही संरक्षण मिळते.

माला-एन, अंतरा, छाया आणि तांबी मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतात. हार्मोनचे साधन बहुधा खासगीत विकत घ्यावे लागते.

निर्णयाआधी मला तुमच्याकडून तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आई-वडील, भावंडे यांपैकी कोणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? तुमच्या पाळीत रक्तस्राव किती असतो? आणि "अधूनमधून डोके दुखते" असे तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे, ते सविस्तर सांगा: डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही दिसते का, हातापायाला किंवा ओठांना मुंग्या येतात का, शब्द अडखळतात का?

धरमपेठ_औषधविक्रेता

डॉक्टरांनी मूळ विषय पूर्ण मांडला आहे. काउंटरवर रोज दिसणाऱ्या काही गोष्टी मी जोडतो.

"कमी साइड इफेक्टवाली गोळी द्या" अशी मागणी आमच्याकडे नेहमी होते. एस्ट्रोजेन बहुतेक पाकिटांत एकच असते, फरक प्रोजेस्टिनचा असतो. लेव्होनॉरजेस्ट्रेलचा गुणधर्म किंचित पुरुषी हार्मोनकडे झुकणारा, त्यामुळे काहींना मुरुमे येतात. ड्रॉस्पिरेनोन शरीरात पाणी साठू देत नाही, पण पोटॅशियम वाढवू शकते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सायप्रोटेरोन असलेली गोळी मुरुमे आणि केसांच्या तक्रारीसाठी आहे. शेजारणीला मानवली म्हणून ती मागू नये.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही औषधे यकृतात गर्भनिरोधक गोळीचे हार्मोन लवकर मोडून टाकतात आणि गोळी चालू असताना गर्भ राहू शकतो. आपल्या भागात क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्या तरुण मुली कमी नाहीत, आणि हे त्यांना सांगितले गेलेच असेल असे धरून चालू नये. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी असे होत नाही.

ताई, तुम्ही थायरॉईडची गोळी घेता म्हणून एक सूचना: माला-एनमधील लोहाच्या ७ गोळ्या किंवा कोणतीही लोहाची, कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून किमान चार तास दूर ठेवावी, नाहीतर थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. तोंडावाटे घेतलेल्या एस्ट्रोजेननेही त्या औषधाची गरज वाढू शकते, त्यामुळे मिश्र गोळी सुरू केली तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे.

संबंधानंतर तातडीने घ्यायची ७२ तासांतली गोळी ही बीज सुटणे पुढे ढकलते. एलएच उसळून गेल्यावर तिचा उपयोग फारसा राहत नाही. दर महिन्याला तीच घेणाऱ्या मुली येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण नियमित साधनापेक्षा ती कमी भरवशाची आहे आणि पाळीचा क्रमही बिघडवते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पाकिटे स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवू नयेत.

कामठीची_लेक

या चर्चेत विदर्भाचा एक मुद्दा राहून जाऊ नये म्हणून लिहिते. आमच्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे; माझी धाकटी बहीण रुग्ण आहे आणि मी वाहक आहे. लग्नानंतर तिला परिचयातल्या एका ताईंनी साधी मिश्र गोळी सुचवली होती. सुदैवाने तिने आधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते, म्हणून तिला एस्ट्रोजेन नको असे त्यांनी सांगितले आणि फक्त प्रोजेस्टिन असलेली गोळी दिली. तांबीने रक्तस्राव वाढेल आणि तिचे हिमोग्लोबिन आधीच कमी, हेही त्यांनी समजावले. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील कोणत्याही मुलीने गर्भनिरोधक निवडताना स्वतःची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे आधी पाहावे. हार्मोन्सच्या पॅकेजवर खर्च करण्यापेक्षा ही तपासणी महत्त्वाची वाटते, आणि ती शासकीय आरोग्य केंद्रांत होते.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ

ताईंनी फार मोलाची भर घातली आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ च्या सूचनांत सिकलसेलच्या रुग्णांसाठी एस्ट्रोजेन असलेली साधने अस्वीकार्य धोक्याच्या वर्गात टाकली आणि इंजेक्शनबाबतही पूर्वीपेक्षा अधिक सावधगिरी सांगितली. प्रोजेस्टिनची गोळी आणि गर्भाशयातील हार्मोनचे साधन तिथे चालतात. हे रुग्णांविषयी आहे. वाहक असणे आणि रुग्ण असणे यांत मोठा फरक आहे, तेव्हा केवळ वाहक असलेल्यांनी घाबरून जाऊ नये. सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीने हा फरक कळत नाही, त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

मनीषनगर_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे देते. घरात कोणाला गुठळी झालेली नाही. पाळीत रक्तस्राव पहिल्यापासून जास्त आहे, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन ९.८ होते. सिकलसेलची तपासणी गरोदरपणात झाली होती, ती निगेटिव्ह आहे.

डोकेदुखीबाबत तुम्ही विचारले नसते तर मी हे सांगितलेच नसते. दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर एका बाजूला चमकणारी नागमोडी रेघ दिसते, ती हळूहळू मोठी होते आणि मधले अक्षर दिसेनासे होते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती जाते आणि मग डोक्याची एक बाजू ठणकू लागते. कॉलेजपासून असे होते, वर्षातून काही वेळा. उन्हामुळे किंवा चष्म्याच्या नंबरमुळे होत असावे, असे घरात सगळे धरून चाललो होतो. याचा गर्भनिरोधकाशी संबंध असेल, असे मनातही आले नाही.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ

संबंध आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच निर्णायक आहे. तुम्ही वर्णन केलेली रेघ ही बहुधा अर्धशिशीची पूर्वसूचना आहे, जिला वैद्यकात ऑरा म्हणतात. एकदा फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून निदान पक्के करून घ्यावे. ऑरासहित अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो आणि मिश्र गोळीतील एस्ट्रोजेनमुळे तो आणखी वाढतो. तरुण वयात प्रत्यक्ष आकडा लहानच असतो, पण इतकी चांगली दुसरी साधने उपलब्ध असताना तो पत्करण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही स्थिती चौथ्या वर्गात येते, म्हणजे कोणत्याही वयात मिश्र गोळी देऊ नये. पीसीओएस पाहून कोणीही तुम्हाला सहज मिश्र गोळी लिहून दिली असती, आणि हार्मोन्सचा कोणताही अहवाल ही गोष्ट दाखवू शकला नसता. माला-एन, माला-डी आणि बाजारातील सर्व मिश्र गोळ्या तुम्ही कायमच्या वर्ज्य समजाव्यात. पुढे पाळी नियमित करण्यासाठी कोणी लिहून दिल्या तरीही ऑराचा उल्लेख आपण होऊन करावा.

रक्तस्राव जास्त आणि हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे तांब्याची तांबीही तुमच्यासाठी पहिली निवड नाही. ऑराच्या दृष्टीने ती निर्धोक आहे, पण ॲनिमिया वाढवेल. अंतरा ऑरा असताना देता येत नाही असे नाही, पण त्यानंतरचा विलंब तुमच्या नियोजनात बसत नाही. माझ्या मते तुम्ही डॉक्टरांशी बोलताना लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गर्भाशयातील साधनाला पहिले स्थान द्यावे आणि ते नको वाटल्यास ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलच्या, एस्ट्रोजेनविरहित गोळीचा विचार करावा. ती रोज एकाच वेळी, मध्ये खंड न ठेवता घ्यावी लागते. दोन्ही दूध पाजताना चालतात आणि दोन्हींमुळे थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलावी लागण्याची अपेक्षा नाही.

साधन बसवण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. दूध पाजणाऱ्या मातेच्या गर्भाशयाला साधन बसवताना छिद्र पडण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. ती हजारात मोजक्या जणींपुरती असली तरी अनुभवी हातांकडूनच बसवून घ्यावे आणि आपण दूध पाजत असल्याचे सांगावे. पहिले तीन ते सहा महिने थोडा थोडा डाग पडत राहतो. या काळात पुष्कळ जणी कंटाळून साधन काढून टाकतात, तेव्हा ही तयारी मनाशी आधीच ठेवावी आणि घरातही सांगून ठेवावे. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत बसवले तर लगेच संरक्षण मिळते, नंतर बसवले तर सात दिवस निरोध वापरावा, आणि चार ते सहा आठवड्यांनी दोरा तपासून घ्यावा. साधन असताना नागमोडी रेघ दिसणे वाढले, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडल्यासारखा वाटला, बोलणे अडखळले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दरम्यान लोहाच्या गोळ्या सुरू करा, थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवून, आणि टीएसएचसोबत हिमोग्लोबिनही आता एकदा पुन्हा पाहून घ्या.